नाक वर दिसतंय म्हणून पुढची स्प्रिंग कापू नका, आधी मागचे पाटे मोजा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच गाडी डोळ्यांपुढे उभी राहिली. तुमच्या आजोबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, निपाणीत उभी, पासिंग अजून कोल्हापूरचं. "नाक वर उचललेलं दिसतं, दोन इंच खाली घ्यायचंय, पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापू की दीड?" असं तुम्ही विचारलंय. २०१६ साली बेळगावात मी एका मेस्त्रींना हाच प्रश्न विचारला होता, जवळपास याच शब्दांत. त्यांनी उत्तर दिलं, मी ऐकलं, आणि पुढची तीन वर्षं त्यात गेली. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. माझी गाडी १९८१ ची आहे आणि जे लिहितोय ते तिच्याबरोबर शिकलेलं. तुमच्या गाडीत आधी कुणी काय बदललंय ते तुम्हीच खाली वाकून बघायचं. जॅक, स्टँड, दाबलेली स्प्रिंग बाहेर काढताना घ्यायची काळजी, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही.

तुमची गाडी पुढून वर आलेली नसणार, मागून बसलेली असणार. चाळीस वर्षांच्या गाडीचं नाक आपोआप वर जात नाही. पद्मिनीला मागे कमानपाटे आहेत (एकावर एक रचलेल्या, वाकवलेल्या पोलादी पट्ट्या), पुढे कॉइल स्प्रिंगा. पाटे बसतात, हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता. आमच्या वडिलांनी खानापूरहून शेतातला तांदूळ वर्षानुवर्षं याच गाडीच्या डिकीतून आणला. पाट्यांची कमान जवळपास सपाट झाली होती, पण गाडी रोज डोळ्यांसमोर असली की ते दिसत नाही. मला दिसलं ते फक्त वर आलेलं नाक. आणि मी चांगली बाजू वाईट बाजूच्या मापाला नेऊन बसवली.

तेही कापून नव्हे. त्या गॅरेजात स्प्रिंग बाहेरसुद्धा काढली नाही. गॅसकटरच्या ज्योतीने मधले वेढे लाल होईपर्यंत तापवले आणि गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसली. वीस मिनिटांत दोन्ही बाजू झाल्या. मी शेजारी उभा राहून बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, नाक खाली येताना फार आनंद झाला होता. गाडी सुरेख दिसत होती. साधारण तीन आठवडे.

स्प्रिंगचं पोलाद मुळात तापवून, तेलात विझवून, मग पुन्हा ठरावीक उष्णतेवर टेंपर करून तयार केलेलं असतं. दबूनही मूळ मापावर परत यायची तिची ताकद त्या टेंपरमध्ये. ज्योतीने लाल केलं की तो भाग मऊ पडतो, आणि प्रत्येक खड्ड्याला थोडा थोडा बसत जातो. दोन्ही बाजू सारख्या तापत नाहीत, म्हणून सारख्या बसतही नाहीत. माझी डावी बाजू उजवीपेक्षा १८ मिमी खाली गेली. गाडी डावीकडे ओढायला लागली, टायर आतून झिजायला लागले.

मग सुरू झाली फिरती. एकाने किंगपिनचे बुश बदलले, दुसऱ्याने शॉकॲब्सॉर्बर, तिसऱ्याने पुन्हा शॉकॲब्सॉर्बर. अलाइनमेंट चार वेळा. पुढचे दोन टायर गेले. प्रत्येकाने आपल्याकडचं विकलं, स्प्रिंगकडे कुणी बघितलं नाही. त्याच काळात आईला मागच्या सीटवर बसवून चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याला निघालो होतो. जांबोटीच्या अलीकडे एका गतिरोधकावर इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर आपटलं, ड्रेन बोल्टपाशी पोचा पडला आणि ऑइल गळायला लागलं. पाऊस, रस्त्याकडेला गाडी, आत सत्तरीची आई. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. आपल्याकडे गावोगाव जे घातलेत त्यांचं माप कुणी घेतलंय? तुम्ही निपाणीत राहता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी स्प्रिंग काढली आणि कानस लावली. वरच्या वेढ्यावर कानस जड चालत होती, मधल्या वेढ्यावर लगेच भुगा पडला. ते म्हणाले, "ही स्प्रिंग राहिली नाही, ही सळई झाली." आणि मग त्यांनी जे विचारलं ते आधी कुणीच विचारलं नव्हतं: "मूळ उंची किती होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मापच घेतलं नव्हतं. तापवणं वाईट होतंच, पण सगळ्यात महाग पडली ती ही चूक. मूळ स्प्रिंगा शाबूत नाहीत, मूळ माप लिहिलेलं नाही, परत जायचं तर कुठे जायचं?

बेळगावात टिळकवाडीत एका निवृत्त गृहस्थांकडे फारशी न चाललेली, कुणी हात न लावलेली पद्मिनी सापडली. त्यांनी मोठ्या मनाने मोजू दिली. तेव्हा कळलं की माझी गाडी मागून ५५ मिमी बसलेली होती. पुढच्या बाजूला तापवायच्या आधीच्या एका फोटोवरून अंदाज काढला, तर फरक जेमतेम १० मिमी. म्हणजे पुढे काही करायची गरजच नव्हती.

म्हणून कटर हातात घ्यायच्या आधी मापं घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवा बदलली की ते माप बदलतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर, चारही कोपरे. जागा सपाट हवी. डोळ्याला सपाट दिसते त्यावर विश्वास ठेवू नका, गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून बघा. जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नका, गाडी चार-पाच फूट पुढे-मागे ढकला, म्हणजे चाकं नीट बसतात. जमलं तर मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या. ट्रकचा काटा आहे, पाच-दहा किलो इकडेतिकडे होणार, पण स्प्रिंग बनवून घ्यायची वेळ आली तर हा आकडा लागतो.

मग आधी मागचे पाटे. खोलून, ठोकून कमान भरून घ्या. हायवेकडेचे ट्रकचे कमानवाले हे करतात, पण पाटा चांगला असेल तरच टिकतं, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा बसतो. बुश नवे घाला आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही गोष्ट अनुभवी माणसंही विसरतात. मुंबईच्या टॅक्सीचे पाटे मिळाले तर मोजून घ्या. डिकीत सीएनजीची टाकी असायची, मला मिळालेल्या जोडीत एक पाटा जादा होता. आणि हा बाजार आटत चाललाय. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

एवढं झाल्यावर गाडीपासून दहा पावलं मागे जा आणि बघा. माझी खात्री आहे, निम्मी इच्छा तिथेच पूर्ण होईल.

तरीही खाली घ्यायचीच असेल तर माझं मत (सगळ्यांना पटणार नाही): एक इंचापेक्षा जास्त खाली घेऊ नका, आणि मूळ स्प्रिंगांना हात न लावता दुसरी जोडी बनवून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत नमुना दिला की बनवून देणारे आहेत. तेलात विझवणं आणि टेंपर करणं त्यांच्याकडेच होतं का, ते विचारा. तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजा, डोळ्याने नको, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिमीच्या जागी १३ ची तार पडली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. वेढा कापला तरी स्प्रिंग कडक होते. आठ चालू (म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांतला एक गेला तर साधारण १४ टक्के. शिवाय स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मवर, चाकापासून आतल्या बाजूला बसते, म्हणून स्प्रिंग एक इंच कमी केली की गाडी एक इंचाहून जास्त खाली येते. तुमचा "एक की दीड वेढा" हा हिशोब इथेच फसतो. रबरी बफर (स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का झेलणारे) काढून जागा करून देतो असं कुणी म्हणालं तर गाडी घेऊन घरी या.

मागे ठोकळा घालायचा सल्लाही तुम्हाला मिळालेला दिसतोय. आधी बघा, ॲक्सल पाट्याच्या वर आहे की खाली. वर असेल तर मधल्या ठोकळ्याने गाडी खाली येते, खाली असेल तर उलट उचलली जाते. ट्रकवाल्यांना दुसऱ्या प्रकाराची सवय असते.

परत फिरवता येणारा एक उपाय टायरचा आहे. १६५/८० आर १४ काढून १६५/६५ घातला तर गाडी जवळपास २५ मिमी खाली येते. स्पीडोमीटर मात्र आठ-नऊ टक्के जास्त दाखवतो.

आता कागदांचं. निपाणीत कायमची ठेवणार असाल तर बारा महिन्यांनंतर कोल्हापूरचं पासिंग चालत नाही, फॉर्म २८ ने ना-हरकत घेऊन इकडे कर्नाटकात नोंदवावी लागते. हे सगळं गाडी मूळ उंचीवर असतानाच उरका. माझ्या नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी एका कार्यालयात "गाडी खाली केलीय, कलम ५२ बघा, मूळ उंचीचा कंपनीचा कागद आणा" असं सांगून तीन वेळा परत पाठवलं (हे मोटार वाहन कायद्यातलं गाडीतल्या फेरफाराचं कलम). कंपनी बंद, कागद कुणाकडून आणायचा? आक्षेप लेखी द्या म्हटलं तर तेही नाही. लेखी दिलं असतं तर उत्तर देता आलं असतं, तोंडी आक्षेपाला काय उत्तर देणार? तीन दिवसांची रजा गेली त्याचं अजून वाईट वाटतं. तेव्हा जे काय म्हणतील ते लिहून मागा, कन्नडमध्ये दिलं तरी घ्या. मी वकील नाही, नियम बदलतात, ताजे तुम्ही तपासा. तुमची गाडी २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार चालत नाही, म्हणून स्प्रिंगच्या बैठकीला वेल्डिंग करू देऊ नका.

चारही कोपऱ्यांची मापं आणि टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा इथे टाका. टिळकवाडीच्या गाडीची मापं माझ्या वहीत आहेत, शेजारी ठेवून सांगतो तुमची किती बसलीय ते.