दर दाखव

प्रिय पोरी,

तुझं चार पानी पत्र मिळालं. कॉलेजच्या हॉलमध्ये तू आत्यावर केलेली फिल्म बघून लोक रडले आणि सुभाषनगरात, चपला करणाऱ्यांच्या वस्तीत, तुझ्याच गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "आमची गरिबी दाखवून टाळ्या घेतल्यास." आता कुणाचं खरं मानायचं ते तुला कळेना, म्हणून कॅमेरा घेऊन लग्नाच्या शूटिंगला लागायचं म्हणतेस. लाग की. त्यात कमीपणा नाही, पैसेही रोख मिळतात. पण मला विचारलंस म्हणून सांगतो, बायकांचं खरं आहे.

फिल्म मी बघितली. कोल्हापुरी चपलेला चामड्याची वेणी घालणारी आत्याची बोटं, बोटांना पडलेल्या चिरा, मागं बासरी. रडू येणारच, बासरी लावली की कुणालाही येतं. पण एका जोडाच्या वेणीमागं आत्याच्या हातात काय पडतं, ते कोण ठरवतं, तोच जोड चप्पल लाइनीतल्या दुकानात कितीला जातो, यातलं काही फिल्मभर नाही. दर नसला की उरतं नुसतं दुःख. ते बघून माणूस डोळे पुसतो आणि घरी जाऊन जेवतो. दर कळला तर त्याला आपल्याच पायाकडं बघावं लागतं. दर दाखव, पोरी.

कोल्हापुरात बसून हे सांगायला लागावं, याचा मला राग येतो. 'सैरंध्री' ही इथलीच मूक फिल्म, १९२० ची, त्यातला कीचकवध इतका हुबेहूब की सेन्सॉरनं कात्री लावली. ती करणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' केला. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात मजुरीला लागतो. राक्षस नाही, शाप नाही, फक्त कर्ज. मूकपटात कर्ज दाखवता आलं त्यांना. तुझ्याकडं आवाज आहे, रंग आहे, खिशात मावणारा कॅमेरा आहे, आणि दर तेवढा दाखवता येईना? शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागास वर्गांसाठी नोकऱ्या राखल्या, तेव्हा जाहीरनाम्यात हळहळ नव्हती घातली. आकडा घातला होता, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास.

मग आमचा काळ. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, तो तुफान चालला आणि मागनं तमाशापटांची रांग लागली. फेटा, वाडा, इनामदार, फडावरची बाई. मीही त्यातलाच भाकरतुकडा खाल्लाय, त्यामुळं नाकं मुरडणार नाही. त्यातली काही कामं आजच्या पोरांना जमायची नाहीत. पण पाटलाची चप्पल पडद्यावर करकर वाजायची आणि ती शिवणारा दिसलाच तर कोपऱ्यात, वाकलेला. त्याची मजुरी कुठल्याच पाटलानं कॅमेऱ्यासमोर दिली नाही. वर्षानुवर्षं तेच बघून आमच्या गावाकडच्या पोरांना रुबाब म्हणजे वाडाच वाटायला लागला. सिनेमा माणूस घडवतो तो असा, भाषणातनं नाही.

२०१३ चा 'फँड्री' तुम्हा सगळ्यांचा देव. माझाही आहे. पण शेवटी कॅमेऱ्याकडं भिरकावलेल्या त्या दगडाच्या इतक्या नकला बघितल्या मी शॉर्टफिल्ममध्ये, की आता दगड दिसला की उठतो. त्यातल्या जब्याचा बाप डुकरं धरायला का तयार होतो? पोरीच्या लग्नाला पैसे पाहिजेत म्हणून. दगडाच्या आधी ती मजुरी आहे, तिची नक्कल कुणी करत नाही. ('सैराट'चं तर बोलूच नको. त्यातल्या गाण्यावर वरातीत नाचणारेच घरच्या पोरीनं जातीबाहेर बघितलं की कसे वागतात, तुला माहीत आहे.)

आणि अलीकडचंच बघ. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल नाव न घेता मिरवली. केवढा गहजब झाला! अस्मिता, वारसा, चोरी. पुढं कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं. त्या सगळ्या गोंगाटात वेणी घालणाऱ्या बाईला जोडामागं काय मिळतं, हे विचारणारे मला तरी फार भेटले नाहीत. ते विचारायचं काम तुझं होतं. तू बासरी लावलीस.

तू लिहितेस, दर दाखवला तर दुकानदार आत्याचं काम बंद करील. ही भीती खोटी नाही, आणि आत्याच्या पोटावर पाय देऊन सिनेमा करू नकोस. मग चेहरा लपव, गल्ली लपव, दुकानाची पाटी लपव. दर लपवू नकोस. माल टाकायला गेलेली बाई पाठमोरी असू दे. दुकानदार जोड उलटा करतो, तळ वाकवून बघतो, एखादा बाजूला सारतो, मग वहीत लिहितो. कट न करता हे सगळं बघू दे लोकांना. संगीत नको. नोटा मोजल्याचा आवाज पुरे.

मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. एका ग्रामीण चित्रपटाच्या संकलनाला मी बसलो होतो. मुकादम ऊसतोड्याला उचल देतो आणि कागदावर अंगठा घेतो, असा प्रसंग त्यात होता. निर्माता म्हणाला, तो काढा, लावणी वाढवा. मी नाही म्हटलं. प्रसंग गेला, माझं नावही गेलं, चित्रपट लावणीवर चालला. पुढं कामं आटली आणि घर बायकोच्या पगारावर चाललं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, ते मात्र अजून सलतं. पण तो अंगठा कापायला माझा हात उचलला नसता, आजही नाही. तुला हे म्हाताऱ्याचं स्वतःचं समर्थन वाटत असेल तर वाटू दे, थोडं आहेच.

एक विचारायचं राहिलं. चार पानांत तू आत्याच्या चिरा लिहिल्यास, टाळ्या लिहिल्यास, तुझी झोप उडाल्याचं लिहिलंस. आत्याला जोडामागं किती मिळतात ते कुठंच नाही. तुला माहीत आहे का? नसेल तर आज संध्याकाळी तिच्याशेजारी बस, वेणी घालायला घे आणि विचार. मला पोस्टकार्डावर तेवढाच आकडा कळव. तो आल्याशिवाय पुढचं बोलायला घरी येऊ नकोस.

तुझा,
काका