हँडीवर पहिली हाक देण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे तुझे पत्र वाचून फार आनंद झाला. मात्र परवाना आणि 'व्हीयू३'ने सुरू होणारे कॉलसाइन (रेडिओवरचे आपले ओळखचिन्ह) हाती पडेपर्यंत रेडिओ संच घेण्याची घाई करू नकोस. तोवर रविवारी माझ्याकडे येऊन बस आणि नुसते ऐक. कोण कधी थांबतो, दुसऱ्याचे बोलणे संपल्यावर किती वेळ जाऊ देतो, हे पुस्तकात कुठेच सापडत नाही.

हँडीवर, म्हणजे हातात धरायच्या छोट्या संचावर, सर्वांत आधी अंगवळणी पाडायची गोष्ट म्हणजे पीटीटीचे, म्हणजे बोलताना दाबून धरायचे, बटन दाबल्यावर क्षणभर थांबणे. दोन मीटर बँडवरचा (सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यावरचा) रिपीटर आपले बोलणे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि सहसा ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवतो. आपल्या संचाचा टोन (बोलण्यासोबत जाणारा ओळखीचा सूर) ओळखून तो उघडायला आणि पलीकडच्या संचाचा स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) सुटायला थोडा वेळ लागतो. सुरुवातीचे कित्येक आठवडे मी बटनासरशी बोलत असे आणि माझ्या कॉलसाइनमधला 'व्हिक्टर', म्हणजे सुरुवातीचा 'व्ही', कोणालाच ऐकू जात नसे. एका ज्येष्ठ हॅमने शांतपणे सांगितले, "बटन दाबा, मनात एक म्हणा, मग बोला." तेच तुला सांगतो.

संच तोंडापासून चार बोटे दूर, किंचित तिरका धर, म्हणजे श्वास थेट माइकवर आदळणार नाही; पण अँटेना उभीच राहू दे. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असल्याने पाव लहरीची अँटेना अर्ध्या मीटरची लागते, आणि संचासोबत येणारी रबरी अँटेना जेमतेम वीतभर असते. तिची उणीव काही अंशी आपला हात आणि शरीर भरून काढते, म्हणून संच टेबलावर ठेवून बोलण्यापेक्षा हातात धरून बोलावे. अँटेना काढलेली असताना पीटीटी कधीही दाबू नये. आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

आवाज पोहोचला नाही की नवशिके पॉवर वाढवतात. एक वॉटचे पाच वॉट केले तरी पलीकडे एका एस-युनिटहून (सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककाहून) थोडाच अधिक फरक पडतो. उलट तळमजल्यावरून गच्चीवर गेलास तर न ऐकू येणारे स्टेशन स्पष्ट ऐकू येऊ लागते. सिंहगड पुणे शहराहून सुमारे ७५० मीटर उंच आहे, आणि तिथून हँडीवरही शहराशी सहज बोलता येते.

नावे आणि आकडे सावकाश, अक्षर-अक्षर सुटे करून सांगण्याचा सराव आत्तापासून ठेव. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. अशा वेळी एक आकडा चुकला तर मदत भलत्याच ठिकाणी जाते. येत्या रविवारी येताना वही आण, त्या दिवशी ऐकू येतील ती सगळी कॉलसाइन तूच लिहून घे.

तुझा,
एक जुना हॅम