आधी वही, मग रेकॉर्डी

बेटा,

तुझं पत्र वाचलं. जॅझ आणि ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या पहिल्या शंभर रेकॉर्डींची यादी मागतेस, ती मी देणार नाही. तसल्या याद्या मोबाइलवर ढिगानं आहेत, आणि त्या हातात आल्या की माणूस ऐकायचं सोडून खुणा करत बसतो. त्यापेक्षा एक दोनशे पानी वही आण. जे ऐकशील त्याचं नाव लिही, कोण काय वाजवतंय ते लिही, ध्वनिमुद्रण कुठल्या गावात आणि कुठल्या तारखेला झालं ते लिही. ही सवय मला रेडिओवर जॅझचा कार्यक्रम करणाऱ्या विलिस कोनोव्हरनं लावली. परभणीत रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं. तो इंग्रजी इतकं सावकाश बोलायचा आणि एकेका वादकाचं नाव इतकं स्वच्छ घ्यायचा, की मराठी शाळेतल्या पोरालाही ते उतरवून घेता यायचं.

लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' घे. २८ जून १९२८, शिकागो. आरंभी एकटा ट्रम्पेट येतो, आणि शेवटाकडे आर्मस्ट्राँग एकच सूर चार-चार मात्रांची जवळजवळ चार आवर्तनं धरून ठेवतो. तो दमसास ऐकून आजही माझा श्वास अडकतो. पण दुसऱ्यांदा ऐकताना फक्त पियानोकडे कान दे. तो अर्ल हाइन्स. त्या काळी बाजूच्या वादकांची नावं लेबलवर सहसा छापत नसत. ती पुढे संग्राहकांनीच शोधली, तबकडीच्या मधल्या भागात कोरलेले मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मुद्रणाचे क्रमांक, ताडून, हयात वादकांना गाठून. शार्ल दलोने या फ्रेंच माणसानं १९३६ साली तशी सूची छापलीसुद्धा.

आता हाइन्सच्या मागं जा. १९४३ साली त्याच्या बँडमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे जॅझमधले दोन मोठे वादक एकत्र होते. त्या बँडची एकही स्टुडिओ रेकॉर्ड तुला मिळणार नाही, कारण १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं मुद्रणावर बहिष्कार टाकला होता. ते पान कोरंच राहू दे. मग आर्मस्ट्राँगकडे परत ये. १९२६ मध्ये तो अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होता, आणि तिथं पियानोवर होता टेडी वेदरफोर्ड. हा गडी पुढे मुंबईत आला, ताजमध्ये वाजवू लागला, आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादकच सिनेमाच्या स्टुडिओत गाण्यांना साथ करायचे. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांच्यातलाच, सी. रामचंद्रांबरोबर काम करणारा. 'अलबेला' १९५१चा. ती गाणी तुझ्या आजीला पाठ आहेत! शिकागोहून तुमच्या स्वयंपाकघरापर्यंतची ही वाट नावं लिहिल्याशिवाय दिसली नसती.

ब्लूजबद्दल मला जास्त लिहायचंय. १९३० साली मिसिसिपीकडे दुष्काळ होता. त्या वर्षी तिकडचे ब्लूज गायक सन हाउस, चार्ली पॅटन आणि विली ब्राउन उत्तरेला विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन गावी मुद्रणासाठी गेले. तिथं मुद्रण करणारी पॅरामाउंट ही रेकॉर्ड कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. सन हाउसनं तिथं 'ड्राय स्पेल ब्लूज' गायलं, दोन भागांत, कारण तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटंच मावायची. पाऊस नाही हे तर तो सांगतोच, पण भावही सांगतो: डुकराचं मटण पौंडाला ४५ सेंट आणि कापूस फक्त १०. हे ऐकून मी उठून बसलो होतो. मोंढ्यात कापूस घालून हात हलवत परतलेला माणूस माझ्या घरातच होता. बटईनं कापूस पिकवणाऱ्यांचं ते गाणं मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

त्या कंपनीचा माल हलका, त्यामुळे खरखर फार. ती सहन कर. मुद्रणाचे मूळ धातूचे साचे बहुतेक भंगारात गेले, त्यामुळे आज आपण जे ऐकतो ते कुणाच्या तरी घरात उरलेल्या तबकडीवरून घेतलेलं असतं. त्याच सुमाराची विली ब्राउनची एक रेकॉर्ड आहे. तिचा नंबर माहीत आहे, गाण्यांची नावं माहीत आहेत, पण तबकडी अजून कुणालाच सापडलेली नाही. आणि सन हाउस? त्या जुन्या रेकॉर्डींनी वेडावलेल्या तीन तरुणांनी १९६४ साली त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये शोधून काढलं, आणि तो पुन्हा गायला लागला.

आपल्याकडेही गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट. माजलगावच्या बायकांच्या ओव्या त्यात आहेत. तुझी आजी गाते ना? मग मोबाइलवर रेकॉर्ड करून घे, आणि तारीख लिहायला विसरू नकोस.

तुझ्याकडच्या त्या दोन ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांना स्पिरिट लावू नकोस. त्यांतलं शेलॅक म्हणजे आपली लाख, स्पिरिटमध्ये विरघळते. (ही लाख बहुतांशी भारतातूनच अमेरिकेला जायची. दुसऱ्या महायुद्धात तिची आवक तुटली, तेव्हा तिकडे जुन्या तबकड्या भंगारात गोळा करून पुन्हा वितळवल्या. त्यात किती ब्लूज गेले असतील!) बोअरचं पाणीही नको, क्षार खाचेत बसतात; बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आण. ७८ला एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकडीची, सुई चालत नाही, साधारण तिप्पट जाड लागते. आणि पत्र्याच्या खोलीत काहीही ठेवू नकोस. आपल्याकडच्या मे महिन्यात एलपी पापडासारखी वाकते. रेकॉर्डी उभ्याच ठेव, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब.

दिवाळीनंतर देवगिरीनं मुंबईला जाणार आहे, चोरबाजारात. मधल्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहून एलपी किती वाजलीय ते कसं ओळखायचं, हे पत्रात सांगता येत नाही, हातात घेऊनच दाखवावं लागतं. आईला विचार आणि लवकर कळव, म्हणजे तिकिटं एकदमच काढतो.

अनेक आशीर्वाद.

तुझा
काका