मर्दानी, मर्दिनी, मर्दुमकी

परभणी जिल्ह्यातील एका शिक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या शाळेत झाशीच्या राणीवरील एक हिंदी चित्रपट मुलांना दाखवण्यात आला. दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकासाठी चार ओळी लिहायला सांगितल्यावर आठवीतील एका मुलीने ‘झाशीची राणी मर्दानी होती’ असे लिहिले, मग ते स्वतःच खोडले आणि विचारले, “मॅडम, मर्द म्हंजे तर गडी. मग राणीला बाई म्हणायचं का गडी?” ‘मर्दानी’ हा शब्द मराठीत स्त्रीसाठी चालतो का, आणि चालत नसेल तर मराठीचा स्वतःचा शब्द कोणता, असे बाईंनी विचारले आहे.

मुलीने ओळ खोडली, तेव्हा तिचा कान बरोबर होता. ‘मर्दानी’ हे रूप हिंदीत आणि मराठीत दिसायला एकच असले, तरी दोन्ही भाषांत त्याचे व्याकरण निराळे आहे. मूळ फारसी शब्द ‘मर्दाना’, म्हणजे पुरुषासारखा, पुरुषाला शोभणारा. फारसीत विशेषणाला लिंग नाही, त्यामुळे तिथे ‘मर्दाना’ हे एकच रूप. हिंदीने मात्र तो शब्द आपल्या ‘अच्छा-अच्छी’च्या वळणावर नेला, आणि ‘मर्दाना’चे स्त्रीलिंगी रूप ‘मर्दानी’ तयार झाले. सुभद्राकुमारी चौहान यांनी झाशीच्या राणीवरील आपल्या हिंदी कवितेत ते वापरले आणि तिथून ते शाळाशाळांत, पुढे पडद्यावर गेले. हिंदी वाचकाला त्यातील शेवटच्या ‘ई’मध्ये बाई ऐकू येते. शब्दाचा अर्थ पुरुषाचा आणि प्रत्यय स्त्रीचा, अशी ती जोडणी आहे आणि कवितेतील तिचा जोर त्या ताणातूनच येतो.

मराठीत ही ‘ई’ स्त्रीलिंगाची नाही. आपण ‘मर्दानी खेळ’ म्हणतो, ‘मर्दानी पोशाख’ म्हणतो, ‘मर्दानी बाणा’ म्हणतो. खेळ, पोशाख आणि बाणा हे तिन्ही शब्द पुल्लिंगी आहेत आणि ‘मर्दानी’ त्यांच्यापुढे जसाच्या तसा राहतो. ‘तुफानी’, ‘सुलतानी’, ‘आस्मानी’, ‘जनानी’ या शब्दांच्या रांगेतला हा शब्द आहे. म्हणून ‘मर्दानी राणी’ असे मराठीत लिहिले की त्यात हिंदीतली बाई उरत नाही, ‘पुरुषी राणी’ एवढाच अर्थ हाती लागतो. व्याकरणाने हा प्रयोग चूक ठरत नाही, परंतु हिंदीत जे म्हटले जाते ते मराठीत म्हटले जात नाही, एवढे खरे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मी नवरात्रात दरवर्षी ऐकतो. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच्या रूपात आहे, आणि ‘मर्दिनी’ व ‘मर्दानी’ हे एकच शब्द आहेत, किंवा निदान एकमेकांचे नातलग आहेत, असे बरेच जण धरून चालतात. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘मर्दिनी’ संस्कृत ‘मृद्’ धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ चुरडणे, रगडणे. बाळंतिणीला तेलाचे मर्दन करतात ते मर्दन याच धातूचे. महिषासुराला रगडणारी ती महिषासुरमर्दिनी, आणि या शब्दात पुरुषाचा मागमूसही नाही. फारसी ‘मर्द’ची वाट वेगळी आहे. तो प्राचीन इराणी ‘मर्तिय’पासून आला आणि त्याचे संस्कृतमधील भावंड आहे ‘मर्त्य’, म्हणजे ज्याला मरण आहे तो. धातू ‘मृ’, मरणे. मूळ कल्पना देव अमर आणि माणूस मर्त्य अशी होती. ज्याला मर्द म्हणून मिशीवर ताव दिला जातो, तो शब्द मुळात ‘मरणाच्या अधीन असलेला जीव’ एवढेच सांगत होता, आणि मरण काही बाई-पुरुष पाहून येत नाही.

याच घराण्यातील दुसरा शब्द मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ‘मर्दुमकी’. आपण तो ‘मर्दपणा’ या अर्थाने वापरतो आणि म्हणून स्त्रीविषयी वापरताना अडखळतो. परंतु त्याच्या पोटात ‘मर्द’ नसून ‘मर्दुम’ आहे, आणि फारसीत मर्दुम म्हणजे लोक, माणसे, मनुष्यजात. माझे वडील निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून शिकलेले होते. आपण ज्याला जनगणना म्हणतो त्याला ते शेवटपर्यंत ‘मर्दुमशुमारी’ म्हणत. लहानपणी मी त्यांना विचारले होते, की यात बायका मोजत नाहीत का. त्यांनी पाटीवर ‘मर्दुम’ लिहिले, त्यातला ‘म’ बोटाने झाकून ‘मर्द’ दाखवला, मग बोट उचलले आणि म्हणाले, “ह्या एका मीममध्ये तुझी आई पण आली.” उर्दू लिपीतले ते शेवटचे मीम मला अजून दिसते. तेव्हा ‘झाशीच्या राणीने मर्दुमकी गाजवली’ असे त्या मुलीने बेलाशक लिहावे. आज मराठीत त्याचा अर्थ पराक्रम असाच घेतला जातो आणि मूळ पाहिले तरी तो माणूसपणाचा शब्द आहे.

आता दुसरा प्रश्न, मराठीचा स्वतःचा शब्द. बहुतेकांना पहिला आठवेल तो ‘वीरांगना’. तो मला मनापासून आवडत नाही आणि त्याचे कारण शब्दातच आहे. ‘वीर’ला जो शब्द जोडला आहे तो ‘अंगना’, आणि संस्कृत व्याकरणाप्रमाणे अंगना म्हणजे जिचे अंग सुंदर आहे ती. पुरुषाला वीर म्हणताना त्याच्या अंगकाठीची वास्तपुस्त कोणी करत नाही. स्त्रीला वीर म्हणायचे झाले की ती दिसायला बरी आहे हे आधी सांगावे लागते. शिवाय एका मात्रेच्या अंतरावर ‘वारांगना’ उभी आहे, म्हणजे गणिका. काही वर्षांपूर्वी एका महिला दिनाच्या निमंत्रणपत्रिकेवर वेलांटीच्या जागी काना पडला आणि सत्कारमूर्ती म्हणून बोलावलेल्या बचतगटाच्या बायांच्या नावांवर तो शब्द छापून गावभर गेला. पत्रिका परत गोळा करायला मी स्वतः घरोघर फिरलो आहे. ‘वीरमाता’ आणि ‘वीरपत्नी’ हे शब्द आदराचे आहेत, पण त्यांत वीर दुसराच कोणी असतो.

‘रणरागिणी’ वर्तमानपत्रांना फार प्रिय आहे. पाण्यासाठी हंडामोर्चा निघाला, की दुसऱ्या दिवशी ‘रणरागिणी रस्त्यावर’ असा मथळा ठरलेला. शब्द नादमधुर आहे. संस्कृतात रागिणी म्हणजे आसक्त झालेली, रंगलेली, म्हणून रणरागिणी म्हणजे रणात रंगलेली. मराठी कानाला मात्र त्यात ‘राग’ ऐकू येतो आणि चित्र उभे राहते ते संतापलेल्या बाईचे. झाशीच्या राणीचे जे वर्णन समकालीन मराठीत मिळते त्यात असा संताप नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात राणीसाठी त्यांचा नित्याचा शब्द ‘बाईसाहेब’ हा आहे. राणी कधी कधी पुरुषवेष करत, पायजमा, डोक्याला टोपी-पागोटे, कमरेला बांधलेल्या दुपेट्यात तलवार, हे ते अगदी जवळून पाहिलेल्या माणसाप्रमाणे नोंदवतात. पण पोशाख पुरुषाचा म्हणून शब्द पुरुषाचा असे त्यांनी केलेले नाही. घोड्यावर आहेत त्याही बाईसाहेब आणि दरबारात आहेत त्याही बाईसाहेबच.

याहून जुने दाखले पाहिले की शूर स्त्रीला काय म्हणावे याचा पेच किती खोल आहे ते कळते, आणि त्यातला एक तर आपल्या देवगिरीचाच आहे. तेराव्या शतकात वरंगळच्या काकतीय गादीवर रुद्रमादेवी होती. तिच्या कोरीव लेखांत तिचे नाव ‘रुद्रदेव महाराज’ असे पुल्लिंगी येते. राज्य करायचे तर नावही पुरुषाचे घ्यावे लागले. तिच्याशी लढलेला देवगिरीचा यादव राजा महादेव, आणि त्याचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री. हेमाद्रीच्या राजप्रशस्तीतील एका श्लोकाचा आशय असा, की महादेव राजा बालकाला, स्त्रीला आणि शरणागताला मारत नाही हे ओळखून भ्यालेल्या आंध्रांनी एका स्त्रीलाच गादीवर बसवले. काकतीयांच्या बाजूची परंपरा याच्या उलट, राणीनेच यादवांना मागे रेटत नेले असे सांगते. दौलताबादच्या, म्हणजे त्याच देवगिरीच्या, किल्ल्यात मुलांना नेतो तेव्हा मी दोन्ही बाजू सांगतो. एका बाजूने तिला महाराज केले, दुसऱ्या बाजूने तिला दयेस पात्र अबला केले. राज्य करणारी बाई म्हणून पाहायला शब्द दोघांकडेही नव्हता.

आणखी एक वाट आहे ती देवीची. १७०० साली राजाराम महाराज गेल्यानंतर ताराबाईंनी औरंगजेबाशी युद्ध चालू ठेवले, १७०७ साली त्या बादशहाला खुलताबादच्या मातीत पुरले जाईपर्यंत आणि त्यानंतरही. त्यांच्यावर कवी देवदत्ताने लिहिले, ‘ताराबाई रामराणी, भद्रकाली कोपली’. ही ओळ मला पाठ आहे आणि म्हणताना आजही अंगावर काटा येतो. पण ध्यानात घ्यावे, की इथेही बाई बाई राहिली नाही, ती काली झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात शस्त्र हाती घेतलेल्या जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचा उल्लेख आपण ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ असा करतो. तो गौरव आहेच, तरीही त्यांचे स्वतःचे नाव पुरेसे का वाटत नाही, असा प्रश्न मला पडतो.

बोलीतही हेच चालते. आमच्या गावात एक विधवा शेतकरी बाई आहे. नवरा गेल्यावर तिने ट्रॅक्टर शिकून घेतला, आणि पाच एकर कापूस ती स्वतः पाहते. पारावर तिचे कौतुक होते ते असे, “बाई न्हाई ती, गडी हाय गडी.” बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण तोच पार एखाद्या भित्र्या पुरुषाला “बांगड्या भर” म्हणून हिणवतो, आणि त्याच शिवारात वेचणीला गेलेल्या बाईची हजेरी गड्याच्या हजेरीपेक्षा कमी धरली जाते. समान मोबदल्याचा कायदा १९७६ सालीच झाला, तरी ही रीत सुटलेली नाही. शौर्य गड्याचे आणि भित्रेपण बांगडीचे, हा हिशेब भाषेत आधी पक्का झाला की तो हजेरीच्या वहीतही उतरतो, असे माझे मत आहे.

तरीही मराठीपाशी शब्द नाहीत असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. ‘शूर’ हा शब्द राजाला आणि राणीला सारखाच लागतो, लिंगाप्रमाणे बदलतही नाही. ‘धीट’, ‘खंबीर’, ‘कणखर’, ‘बाणेदार’ हेही तसेच. लीळाचरित्रात चक्रधरस्वामी आपल्या शिष्या महदाइसेची वाखाणणी करतात ती ‘चर्चक’ आणि ‘जिज्ञासक’ या शब्दांनी. सातशे वर्षांपूर्वी गोदाकाठच्या गद्याने एका म्हाताऱ्या बाईला तिच्या बुद्धीवरून नावाजले, आणि त्यासाठी तिला पुरुष करावे लागले नाही की देवीही करावे लागले नाही. गंगाखेडच्या जनाबाई ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ म्हणतात, त्यात शौर्याचा एकही शब्द नाही आणि तरी त्या काळी याहून धीट वाक्य कोणी उच्चारले असेल असे मला वाटत नाही.

आणि बोलीत एक शब्द आहे जो मला या सगळ्यांहून प्रिय आहे, ‘खमकी’. “तुही आजी लई खमकी व्हती” असे मला माझ्या आजीविषयी गावातल्या बायांनी सांगितले आहे. रझाकारांच्या दिवसांत घरात गडीमाणूस नसताना तिने दाराला आतून जाते लावले आणि रात्रभर हातात विळा घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. कोणी तिला मर्दानी म्हटले नाही. पुरुष असेल तर ‘खमक्या’, बाई असेल तर ‘खमकी’. हा शब्द दोघांनाही आपापल्या जागी ठेवून मान देतो. छापील मराठीत तो कमी दिसतो, कारण आपण त्याला गावंढळ समजून बाजूला ठेवले आहे. झाशीच्या राणीसाठी तो थोडा घरगुती वाटेल, हे मान्य आहे. मला स्वतःला तो तसा वाटत नाही.

भित्तिपत्रकासाठी माझी सूचना अशी, की मुलीने ‘झाशीची राणी शूर होती. तिने १८५८मध्ये इंग्रजी फौजेसमोर झाशीत आणि ग्वाल्हेरला मर्दुमकी गाजवली’ असे लिहावे आणि चित्रपटातला ‘मर्दानी’ शब्द हवाच असेल तर अवतरणचिन्हांत ठेवून तो हिंदीतला आहे असे नमूद करावे. आणि तिला एक विनंती आहे. तिच्या गावात शूर बाईला काय म्हणतात ते तिने आपल्या आजीला आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारावे, आणि ज्या बाईविषयी तो शब्द वापरला गेला तिने नेमके काय केले होते तेही लिहून घ्यावे. तिच्या आजीकडे ‘खमकी’हून निराळा शब्द निघाला, तर तो मला कळवावा, माझ्या वहीत त्या पानावर जागा ठेवलेली आहे.