आयपीए (इंडिया पेल एल) बिअर फार कडू लागते, आवडायला लागेल असं काही करता येतं का?

अरे मलाही पहिला घोट आजीच्या काढ्यासारखाच लागला होता. कडूपणा हॉप्सचा (बिअरमध्ये टाकतात त्या फुलांचा) असतो, जास्त वेळ उकळले की कडू होतं आणि उशिरा टाकले की आंबा-संत्र्यासारखा नुसता वास येतो, म्हणून डायरेक्ट वेस्ट कोस्टवर (आयपीएचा चांगलाच कडू प्रकार) उडी मारू नकोस, आधी हेझी आयपीए घे, गढूळ दिसते पण मऊ जाते, मग सेशन आयपीए (४-५ टक्के अल्कोहोलवाली) आणि वेस्ट कोस्ट शेवटी. डबल आयपीए ८ टक्क्यांच्या आसपास असते, ती सध्या राहूच दे. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत सॅम्पलर मागितला की छोटे ग्लास येतात, अख्ख्या पाइंटचे पैसे वाया जात नाहीत. आणि बर्फासारखी गार नको पिऊस, वासच मरतो. चखण्याला खारे शेंगदाणे घे, तिखट नको, तिखटाने कडूपणा अजून चढतो.