लाईट आले, संगणक मात्र उठेना

प्रश्न: संगणक चालू असताना लाईट गेले, पंधरा मिनिटांनी आले. तेव्हापासून बटण दाबलं तरी पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवर ऐकूनच ‘मदरबोर्ड उडाला’ असं सांगितलं. नवा घ्यावा का?

उत्तर: इतक्यात नको. मदरबोर्ड फोनवर तपासता येत नाही.

लाईट जाण्यापेक्षा परत येणं संगणकाला जास्त जड जातं. त्या क्षणी लाईनवरचे पंप, फ्रीज, मोटारी एकदम ओढ घेतात आणि व्होल्टेज खालीवर होतं. न्यूट्रल तुटला असेल तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपासही येऊ शकतं. हा धक्का सर्वांत आधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, झेलतो, म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करायची.

आधी केबल काढा आणि कॅबिनेटचं बटण ३० सेकंद दाबून धरा. कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) उरलेली वीज निघून जाते आणि धक्क्याने एसएमपीएसचं अंतर्गत संरक्षण अडकून बसलं असेल तर ते सुटतं. मग स्पाइक बोर्ड बाजूला ठेवून केबल थेट भिंतीच्या सॉकेटात लावा. त्याच सॉकेटात टेबललॅम्प लावून वीज येतेय याची खात्री करा. एसएमपीएसच्या मागचा खटकाही बघा: रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. साफसफाईत तो नकळत दाबला गेलेला असतो.

तरीही काही नाही? केबल पुन्हा काढून कॅबिनेट उघडा. मदरबोर्डमधला २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि एसएमपीएसच्या बाकी सगळ्या वायरी सोडवा, फक्त कॅबिनेटचा एखादा पंखा जोडलेला राहू द्या. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी यांच्या भोकांत पेपरक्लिप वाकवून बसवा. वीज त्यानंतरच सुरू करायची, क्लिप बसवताना नाही. पंखा फिरला तर एसएमपीएस जिवंत आहे. त्याच्या स्वतःच्या पंख्यावर मात्र विसंबू नका, काही मॉडेलांत कमी भार असताना तो मुद्दाम थांबलेला असतो.

जिवंत म्हणजे ठणठणीत नव्हे. मल्टिमीटरची काळी सळई काळ्या वायरीला लावून बाकीच्या मोजा: पिवळी ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७. जांभळ्या वायरीवर क्लिप नसतानाही ५ व्होल्ट दिसायलाच हवेत. संगणक बंद असताना बटणाची दखल घेणारी वीज हीच, त्यामुळे ती नसेल तर बटण कितीही दाबून उपयोग नाही. तुमच्या केबलच्या सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप खुपसू नका, एसएमपीएस टेस्टर मागून आणा.

एसएमपीएस गेलेला निघाला तर बदला, उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टहून जास्त डीसी उरलेलं असू शकतं. फ्यूज उडालेला दिसला तरी नुसता नवा फ्यूज घालून भागत नाही. व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा भाग) किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला म्हणून तो उडालेला असतो, आणि नवाही लगेच उडतो.

इथे एक चूक फार महागात पडते. सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल, तर नव्याला जुन्याच्या केबली लावू नका. प्लग अगदी हुबेहूब बसतो, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क तत्क्षणी जाते.

एसएमपीएस चांगला निघाला तर सगळे कनेक्टर परत लावून मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडा. चालू झाला तर कॅबिनेटचं बटणच खराब आहे. नाही झाला, तर प्रोसेसर आणि एक रॅम एवढंच ठेवून पुन्हा बघा. मदरबोर्डवर संशय घ्यायची वेळ इथे येते.

प्रश्न: पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच.

उत्तर: वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्याच्यातच आहे ना, हे आधी पाहा. मग वीज काढून रॅमच्या पट्ट्या उपसा, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसा (रबराचा चुरा स्लॉटात पडू देऊ नका) आणि एकेक पट्टी लावून बघा. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे छोटे दिवे असतील तर जो लागून राहतो तिथे घोडं अडलंय. शेवटी नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून बायोस (संगणक सुरू करून देणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मूळ स्थितीला आणा. त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला, विशेषतः डीडीआर५ रॅम असेल तर, स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून मध्येच बंद करू नका.

प्रश्न: संगणक चालू होतो, पण विंडोज ‘ऑटोमॅटिक रिपेअर’मध्ये गोल फिरतं. घड्याळही मागे गेलंय. त्यात घरचे सगळे फोटो आहेत.

उत्तर: घड्याळ मागे गेलंय हा महत्त्वाचा धागा. मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपत आला असेल तर मुख्य वीज गेल्यावर बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला. मग बायोसमध्ये दोन गोष्टी बघा: बूटच्या क्रमात विंडोजची डिस्क पहिली आहे का, आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) पूर्वीचाच आहे का. एएचसीआय आणि रेड या दोन मोडांत अदलाबदल झाली तर डिस्क धडधाकट असूनही विंडोज निळ्या स्क्रीनवर कोसळतं.

सेटिंग बरोबर असूनही अडत असेल तर दुरुस्ती नंतर, फोटो आधी. डिस्क काढून साटा-यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडा आणि नक्कल करून घ्या. तिथेच स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, तपासा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचताना अडणाऱ्या जागा) शून्याहून जास्त असेल तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणारी कमांड, चालवायचा मोह आवरा. ‘स्लॅश आर’ लावलं की तो डिस्कचा कोपरान्‌कोपरा वाचतो, तासन्‌तास, आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकू शकते. नक्कल हातात आल्यावर आधी चेकडिस्कला ‘स्लॅश एफ’ लावून, मग विंडोजच्या फाइली दुरुस्त करणारं ‘एसएफसी स्कॅननाऊ’. दुसऱ्या संगणकाने डिस्क उघडताना बिटलॉकरची (डिस्कला लागणाऱ्या विंडोजच्या कुलपाची) किल्ली मागितली तर दचकू नका. विंडोजने ते कुलूप परस्पर लावलेलं असू शकतं. ४८ अंकी किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. मदरबोर्ड बदलल्यावरही ती मागितली जाते, तेव्हा आधीच कागदावर उतरवून ठेवा.

प्रश्न: दुकानात देताना काय सांभाळावं?

उत्तर: बिघाड विजेचा असेल तर हार्ड डिस्क घरीच ठेवा, तिच्याशिवायही संगणक बायोसपर्यंत चालू करून दाखवता येतो. द्यावीच लागली तर तिचा आणि रॅमचा सीरियल क्रमांक पावतीवर लिहून घ्या. बदललेला भाग परत मागा, आणि ‘कशावरून खराब ठरवला?’ हे विचारा. ‘दुसरा एसएमपीएस लावून पाहिला’ हे उत्तर झालं. ‘अनुभवावरून कळतं’ हे नाही.

प्रश्न: पुढे असं होऊ नये म्हणून स्पाइक बोर्ड पुरेल का?

उत्तर: लाईट जाण्यावर त्याचा काहीच इलाज नाही. धक्क्यांपासून थोडा आडोसा मिळतो, तोही अर्थिंग नीट असेल तर. आतला व्हॅरिस्टर प्रत्येक धक्क्यागणिक झिजतो आणि बोर्डावरचा दिवा लागतोय म्हणजे संरक्षण शाबूत आहे असं नाही. राउटरकडून येणाऱ्या लॅन केबलनेही धक्का आत येतो, म्हणून वादळात तीही काढा.

यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटच देतो. घरगुती यूपीएस मिळवून देतो ती काही मिनिटं, काम सेव्ह करून बंद करण्यापुरती. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत थकते. दर दोन-तीन महिन्यांनी संगणकाऐवजी एक दिवा जोडून यूपीएसचा प्लग काढून पाहा, किती वेळ तग धरतो ते. आणि लेझर प्रिंटर त्याला जोडू नका: त्याचा फ्यूझर (टोनर कागदावर चिकटवणारा तापता रोलर) तापताना क्षणात इतका करंट ओढतो की यूपीएस बसतो आणि सोबत संगणकही.