२००० साली फ्लोरिडात लोकांना खरंच मतदानापासून रोखलं होतं का, की ती हरलेल्यांची ओरड होती?

सकाळी दहा वाजता अजून कोणीच हरलेलं नव्हतं. ७ नोव्हेंबर २०००, मंगळवार. त्या सकाळी मी उत्तर फ्लोरिडातल्या एका मतदान केंद्रात उभी होते आणि माझ्या शेजाऱ्यांना तिथून परत पाठवताना मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे ‘हरलेल्यांची ओरड’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही.

मी स्वतः मतदार नव्हते. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलेली, डिपेंडंट व्हिसावर, घरी असायचे. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर कृष्णवर्णीय जोडपं राहायचं. आजोबा स्कूल बस चालवून निवृत्त झालेले, चर्चमध्ये मोठा मान. मला गाडी येत नव्हती तेव्हा आठवड्याचं सामान आणायला तेच मला घेऊन जायचे, पिशव्या वरपर्यंत आणून द्यायचे. त्या सुमाराला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मला लायसन्स मिळालं होतं, म्हणून मतदानाला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय, खिशात कडा झिजलेलं मतदार कार्ड. वाटेत सांगत होते की ते मूळचे अलाबामाचे. १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत त्यांच्या वडिलांना मत देता आलं नव्हतं. तिथे वाचता-लिहिता येतं का याची परीक्षा घ्यायचे आणि काळ्या माणसाला नापास करायचे. म्हणून मत चुकवायचं नाही हा त्यांच्या घरचा नेम होता.

केंद्रातल्या बाईंनी यादीवर पट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली येत येत एका ठिकाणी थांबल्या. मग म्हणाल्या, “तुमचं नाव काढलेलं आहे. शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला मत देता येत नाही.” मागे रांग होती आणि रांगेत त्यांच्या चर्चमधली माणसं होती. आजोबा शांतपणे म्हणाले, “मॅडम, मी आयुष्यभर मुलांची बस चालवली. गुन्हेगाराच्या हातात कोणी शाळेची बस देईल का?”

त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. एंगेज्ड. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज्ड. आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. माणसं येत होती, मत देऊन जात होती, मधूनच बाई फोन उचलून बघायच्या आणि आमच्याकडे बघून मान हलवायच्या. शेवटी आजोबांनी एवढंच मागितलं की मी आलो होतो आणि मला परत पाठवलं, हे कागदावर लिहून द्या. तसा फॉर्मच नव्हता. पुढच्या वर्षी त्यांना पत्र आलं की नाव चुकून वगळलं गेलं होतं, ते परत घातलं आहे. जन्मतारीख तीच आणि आडनाव जवळजवळ तसंच असलेला दुसरा कोणीतरी गुन्हेगार होता म्हणे. पत्र आलं तेव्हा जॉर्ज बुश व्हाइट हाउसमध्ये बसले होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. फ्लोरिडात गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेल्याचा मताधिकार कायमचा जायचा. शिक्षा भोगून बाहेर आला तरी तो आपोआप परत मिळायचा नाही. या नियमाची मुळं फ्लोरिडाच्या १८६८ च्या राज्यघटनेत आहेत, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर काळ्या माणसाच्या हातात मत आलं त्याच काळातली. १९९७ मध्ये मायामीच्या महापौर निवडणुकीत खरोखरच गैरप्रकार झाले, मेलेल्यांच्या नावावरही मतं पडली. ते निमित्त धरून १९९८ मध्ये कायदा केला आणि मतदार याद्या तपासायचं काम एका खासगी कंपनीला दिलं. निमित्त खरं होतं, हे मी नाकारत नाही. पण मतदार याद्या गुन्हेगारांच्या याद्यांशी कशा जुळवल्या ते पाहा. आडनावातली ८० टक्के अक्षरं जुळली की पुरे. नाव आणि आडनाव उलटसुलट असलं तरी चालेल, ज्युनिअर-सीनिअर असलं तरी चालेल. अशानं भलतीच माणसं अडकतील असं कंपनीनं राज्याच्या निवडणूक खात्याला सांगितलं होतं. खात्याचं म्हणणं असं की जास्त नावं आली तरी येऊ देत, काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, काय ते तपासून घेतील. वगळायच्या नावांची यादी सुमारे ५८ हजारांची झाली आणि त्यात काळ्या मतदारांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. मॅडिसन काउंटीच्या निवडणूक अधिकारी लिंडा हॉवेल यांना तर त्या स्वतःच गुन्हेगार असल्याचं पत्र आलं! काही काउंट्यांनी ही यादी सरळ बाजूला ठेवली, काहींनी पत्रं पाठवून शहानिशा केली आणि काहींनी जशीच्या तशी वापरली. तुमचं मत राहतं की जातं हे तुम्ही कुठल्या काउंटीत राहता त्यावर ठरत होतं.

रिपब्लिकन पक्षाचे बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले. साठ लाखांच्या आसपास मतदान झालेल्या राज्यात ५३७. आणि त्या ५३७ वर राज्याची सगळी २५ इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, आणि त्यावर सगळी निवडणूक. देशभर मिळून डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार अल गोर यांना बुशपेक्षा पाच लाखांहून जास्त मतं होती.

आमच्या घरात यावरून जुना वाद आहे, तो इथे आणते. माझे मोठे दीर न्यू जर्सीला असतात, ते तेव्हाच नागरिक झाले होते. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. (तेव्हा फ्लोरिडात पुष्कळ ठिकाणी उमेदवारासमोर कार्डाला भोक पाडून मत द्यायचे.) कार्डाला नीट भोक पाडता येत नाही त्याचं मत कशाला मोजायचं? आणि दुसरं, कायदा म्हणजे कायदा, मुदत म्हणजे मुदत. कुठल्याही लग्नकार्यात अमेरिकेचा विषय निघाला की भाऊजी हे ऐकवतात आणि बसलेली माणसं माना डोलावतात.

आधी पहिल्याचं बोलू. गॅड्सडन ही फ्लोरिडातली एकमेव काउंटी जिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत. तिथे आठातलं एक मत बाद झालं. शेजारच्या लिऑन काउंटीत, म्हणजे राजधानी टॅलाहासी आहे तिथे, बाद मतांचं प्रमाण हजारात दोनच्या आसपास. भाऊजी म्हणतील शिक्षणाचा फरक. पण दोन्हीकडे पेन्सिलनं खूण करायची मतपत्रिकाच होती. लिऑनमध्ये मतदार आपली मतपत्रिका केंद्रावरच यंत्रात घालायचा आणि चूक असेल तर यंत्र ती परत बाहेर टाकायचं, नवीन कागद घ्या आणि परत खूण करा. गॅड्सडनमध्ये सगळ्या मतपत्रिका गोळा करून मुख्य कार्यालयात मोजल्या. तिथे चूक सापडली तेव्हा मतदार घरी जाऊन झोपलेला. पुढे गॅड्सडनमध्येही केंद्रावर यंत्रं आली आणि बाद मतांचा आकडा धाडकन खाली आला. माणसं तीच होती, भाऊजी.

डुव्हल काउंटीत, म्हणजे जॅक्सनव्हिलला, अध्यक्षपदाचे दहा उमेदवार दोन पानांवर पसरलेले होते आणि आधी वर्तमानपत्रात छापलेल्या नमुना मतपत्रिकेवर सूचना होती की प्रत्येक पानावर मत द्या. लोकांनी सूचना पाळली. दोन पानांवर दोन भोकं, मत बाद. त्या एका काउंटीत सुमारे २७ हजार मतं बाद झाली आणि त्यातली बरीच मोठी संख्या काळ्या वस्त्यांमधली. सांगितलं तसं करणाऱ्याला मूर्ख ठरवायचं हा कुठला न्याय?

नागरी हक्कांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी आयोगानं जून २००१ मध्ये अहवाल दिला. फ्लोरिडात सुमारे १ लाख ८० हजार मतं बाद झाली होती. आयोगाच्या अंदाजानं काळ्या मतदारांची १४.४ टक्के मतं बाद झाली, इतरांची १.६ टक्के. जवळजवळ नऊ पट. आणि हे केंद्राच्या आत जाऊन मतपत्रिका हातात पडलेल्यांचं. आमच्या आजोबांसारखे दारातून परत गेलेले यात धरलेलेच नाहीत. वाहन खात्याच्या कार्यालयात लायसन्स काढताना मतदार म्हणून अर्ज भरला, पण तो निवडणूक कार्यालयात पोचलाच नाही, असे लोकही वेगळेच.

आता कायदा म्हणजे कायदा. राज्याच्या निवडणुकीवर अंतिम सही करणाऱ्या अधिकारी होत्या कॅथरीन हॅरिस. त्याच बाई फ्लोरिडातल्या बुश यांच्या प्रचार समितीच्या सहअध्यक्ष होत्या. राज्याचे गव्हर्नर जेब बुश, म्हणजे उमेदवाराचे सख्खे भाऊ. त्यांनी या प्रकरणातून अंग काढून घेतलं होतं. हॅरिसबाईंनी नाही. पाम बीच काउंटीनं हातानं केलेली फेरमोजणी २६ नोव्हेंबरच्या मुदतीनंतर साधारण दोन तासांनी पुरी झाली. हॅरिसबाईंनी ती घेतली नाही. मुदत म्हणजे मुदत.

आणि त्याच राज्यात, त्याच निवडणुकीत, सेमिनोल काउंटीत काय झालं? टपाली मतासाठी रिपब्लिकन पक्षानं पाठवलेल्या अर्जांवर मतदार क्रमांक छापायचा राहिला होता. कायद्याप्रमाणे असे अर्ज बाद. पण पक्षाच्या माणसांना निवडणूक कार्यालयात बसून ते क्रमांक भरू दिले. दुसऱ्या पक्षाला याचा पत्ताच नाही. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा निकाल लागला की चूक झाली हे खरं, पण कार्यालयाच्या गोंधळाची शिक्षा मतदाराला देता येणार नाही, मतं कायम. परदेशातून आलेल्या सैनिकांच्या टपाली मतांबाबतही पुष्कळ ठिकाणी शिक्का नसला, तारीख नसली तरी सांभाळून घेतलं.

तो सेमिनोलचा निकाल मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. कारकुनाच्या चुकीसाठी मतदाराचं मत जाऊ नये. पण मग हेच तत्त्व बसवाल्या आजोबांना का नाही लागू झालं? त्यांची चूक कोणती होती? या प्रश्नाचं उत्तर भाऊजींनी आजतागायत दिलेलं नाही, विषय बदलतात.

शेवट तुम्हाला माहीत असणारच. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ८ डिसेंबरला चार विरुद्ध तीननं राज्यभर फेरमोजणीचा आदेश दिला, दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली आणि १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चारनं कायमची बंद केली. टीव्हीवर महिनाभर भिंगातून कार्डाची भोकं बघणारे लोक दिसत होते, त्यामुळे जगाला वाटलं वाद भोकांचा आहे. यादीतून नावच काढलेल्या माणसाचं कार्ड भिंगाखाली यायला मुळात ते कार्ड तरी असायला हवं ना.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. पाम बीचची ती कुप्रसिद्ध मतपत्रिका, जिच्यामुळे गोर यांची मतं तिसऱ्या पक्षाचे उमेदवार ब्युकॅनन यांना गेली, ती डेमोक्रॅट अधिकारी थेरेसा लेपोर यांनी बनवली होती, वयस्कर लोकांना अक्षरं मोठी दिसावीत या चांगल्या हेतूनं. गोर यांनीही फेरमोजणी मागितली ती ६७ पैकी चारच काउंट्यांत, आपल्या फायद्याच्या. नंतर वर्तमानपत्रांनी मिळून अभ्यास करून घेतला, त्यात निघालं की गोर यांनी मागितलेली मोजणी पुरी झाली असती तरी बुशच जिंकले असते; राज्यातली सगळी बाद मतं तपासली असती तर मात्र गोर थोडक्यात पुढे गेले असते. आयोगातही एकमत नव्हतं, दोन सदस्यांनी अहवालाच्या आकडेमोडीवर कडक टीका केली. म्हणजे कोणी एका खोलीत बसून निवडणूक चोरली असं मी म्हणत नाही. मी म्हणते लोकांना रोखलं गेलं, आणि रोखणाऱ्या व्यवस्थेची सूत्रं एका उमेदवाराच्या माणसांच्या हातात होती. यातून धडा घेतला म्हणाल तर २००२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा आला. नाव यादीत नसलं तरी तात्पुरती मतपत्रिका द्यायची आणि शहानिशा नंतर करायची. तरी २००४ मध्ये फ्लोरिडानं पुन्हा ४७ हजारांहून जास्त नावांची यादी काढलीच. त्यात हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या लोकांची, नावं जेमतेम ६१ निघाली, बोंबाबोंब झाली आणि ती मागे घ्यावी लागली.

आपल्याकडेही २०१४ च्या लोकसभेला पुण्यात कितीतरी जणांची नावं यादीत सापडली नव्हती. कार्ड हातात आणि नाव गायब. तेव्हा मला लोक म्हणाले, आधी बघायला नको का? बघावंच. मतदानाच्या महिनाभर आधी नाव तपासा, घरातल्या म्हाताऱ्यांचंही तपासा, नसेल तर सहा नंबरचा फॉर्म भरा. पण नाव न सांगता काढणाऱ्याला कोणी काही विचारत नाही आणि ज्याचं गेलं त्यालाच शहाणपण शिकवतात, हे मला पटत नाही. नाव काढण्याआधी सिद्ध करायचं काम काढणाऱ्याचं आहे.

तुम्ही हे अभ्यासासाठी विचारत असाल तर आयोगाचा जून २००१ चा अहवाल वाचा आणि त्या दोन सदस्यांचं विरोधी मतही वाचा. अहवालात साध्या लोकांच्या साक्षी आहेत. कोर्टाच्या निकालांकडे नंतर वळा.